राखीव विजेची राखण

ग्रामीण महाराष्ट्रात वीज आता केवळ दिव्यापुरती राहिलेली नाही. ग्रामपंचायतीचे दाखले संगणकावर निघतात, दूध संकलन केंद्रावर दुधातील स्निग्धांश यंत्राने मोजला जातो, पशुवैद्यकीय दवाखान्यात लस शीतपेटीत ठेवावी लागते आणि शाळेतील मुले पडद्यावर धडे पाहतात. वीज गेली की ही सारी कामे एकदमच खोळंबतात. म्हणून गावोगाव इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या घेण्यात आल्या, आणि ते योग्यच झाले. परंतु यंत्र घेताना जो उत्साह दिसतो, तो ते राखताना दिसत नाही. यंत्र आले, नारळ फुटला, आणि त्यानंतर बॅटरीचे झाकण उघडून पाहण्याची आठवण कोणालाच राहिली नाही, असा प्रकार वारंवार घडतो. दोन वर्षांत बॅटरी निकामी झाली की 'माल खराब निघाला' असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष मालाचा नसतो, निगेचा असतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जातिवंत गाय दारात बांधली, पण वेळेवर चारा-पाणी केले नाही, तर दोष गाईच्या जातीला देता येत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. राखीव विजेचे साधन विकत घेण्यापूर्वीच त्याची राखण कोणाकडे राहील हे ठरले पाहिजे, आणि जेथे हे ठरत नाही तेथे खरेदी पुढे ढकलणेच श्रेयस्कर होय. हे मत कठोर वाटेल. परंतु ते गावाच्या पैशाच्या व गावकऱ्यांच्या जीविताच्या हिताचे आहे.

गरज संपलेली नाही

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत खेड्यापाड्यांपर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्यानंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागाने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. ती परिस्थिती पुढे पुष्कळ सुधारली. तरीही वादळ, पाऊस, तारांवर पडणाऱ्या फांद्या आणि रोहित्रातील बिघाड ह्यांमुळे वीज जाण्याचे प्रसंग टळलेले नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य खांब कोसळून अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी सुस्थितीत असलेली एक बॅटरीसुद्धा भ्रमणध्वनी चालू ठेवून तालुक्याशी संपर्क राखू शकते. जी बॅटरी चार महिने पाहिलीच नाही, ती मात्र त्या रात्री तासभरही साथ देत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा उपयोग नसतो, हे येथेही खरे आहे.

साठा किती, उपसा किती

इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही. तो बॅटरीत साठविलेली वीज घरातील उपकरणांना चालेल अशा स्वरूपात बदलून देतो, एवढेच. म्हणून त्याचा हिशेब विहिरीसारखा मांडावा. झरा जेवढा, तेवढाच उपसा.

बॅटरीवर १२ व्होल्ट आणि १५० ॲम्पिअर-तास असे लिहिलेले असेल, तर दोहोंचा गुणाकार १,८०० वॅट-तास होतो. हा झाला कागदावरील साठा. बॅटरी दीर्घकाळ टिकावी अशी इच्छा असेल तर त्यातील निम्मा साठाच नित्य वापरात आणावा. म्हणजे ९०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये काही वीज उष्णतेच्या रूपाने खर्च होते. ती वजा जाता सुमारे ७५० वॅट-तास हाती राहतात. दूध संकलन केंद्रावरील तपासणी यंत्र, वजनकाटा, छपाई यंत्र व दोन दिवे मिळून १५० वॅट भार आहे असे धरले, तर ही बॅटरी पाच तास निर्धास्तपणे चालेल. संध्याकाळचे संकलन त्यात सहज पार पडते.

आता ह्याच बॅटरीवर कोणी चहाची १,५०० वॅटची विजेची किटली लावली, तर सारा हिशेब कोलमडतो. लहान इन्व्हर्टर तेवढा भार उचलणारच नाही; आणि मोठा असला तरी अर्ध्या तासात साठा आटोपेल. पाण्याच्या पंपाचेही तसेच. मोटर सुरू होताना ती आपल्या नेहमीच्या गरजेच्या कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून उष्णता देणारी उपकरणे आणि पंप ह्यांना इन्व्हर्टरपासून दूर ठेवणे हा पहिला नियम समजावा.

कुक्कुटपालकांनी ह्या हिशेबाकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि त्यासाठी विजेच्या दिव्यांचे ब्रूडर लावताना पिलामागे २ वॅट असे सर्वसाधारण प्रमाण धरतात. ५०० पिलांना म्हणजे १,००० वॅट झाले. वर सांगितलेली बॅटरी त्यासाठी एक तासही पुरणार नाही, आणि पहाटेच्या थंडीत पिले एकमेकांवर चढून गुदमरतील. अशा ठिकाणी मोठी बॅटरी घेण्यापेक्षा कोळशाची शेगडी किंवा गॅसवरील ब्रूडर तयार ठेवणे आणि धूर व दूषित हवा बाहेर जाण्यास वाट ठेवणे हेच शहाणपणाचे आहे. इन्व्हर्टरवर केवळ उजेडाचे दिवे असावेत.

बॅटरी अकाली का मरते

बॅटरीच्या आत शिशाच्या पट्ट्या असतात आणि त्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज वापरली जाते तसे आम्ल पट्ट्यांत शिरते व त्यांवर शिशाचे सल्फेट बसते. बॅटरी भारित होते तेव्हा ते पुन्हा आम्लात परत जाते. बॅटरी रिकामी करून तशीच काही दिवस ठेवली, तर हा थर कठीण बनतो आणि मग तो निघत नाही. अंगणातील ओला चिखल लगेच धुतला तर जातो, वाळून दगड झाला की खरवडूनही जात नाही, तसाच हा प्रकार होय. म्हणून वीज परत येताच बॅटरी पूर्ण भारित होऊ देणे अत्यावश्यक आहे. १५० ॲम्पिअर-तासांची रिकामी बॅटरी पूर्ण भरण्यास साधारणतः दहा-बारा तास लागतात. जेथे वीज थोडाच वेळ येते, तेथे उपसाही त्या मानाने कमी ठेवावा. इन्व्हर्टर शीळ घालू लागला म्हणजे साठा संपत आल्याची ती सूचना असते. ती ऐकूनही कळ पुन्हा पुन्हा दाबून दिवा पेटविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे थकलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे.

दुसरे कारण पाणी. भारित होताना आतील पाण्याचे विघटन होते, काही पाण्याची वाफ होते आणि पातळी उतरते. पट्ट्या उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा निकामी होतो. त्यात भर म्हणून पुष्कळ जण विहिरीचे किंवा नळाचे पाणी ओततात. अशा पाण्यातील क्षार व लोह बॅटरीला विषासमान आहेत. घरगुती शुद्धीकरण यंत्राचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी त्यात क्षार उरतातच. बॅटरीला केवळ ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बाजारात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर, घालावे. ह्याउलट चूक म्हणजे पाण्याऐवजी ॲसिड घालणे. कमी झालेले असते ते पाणी. आम्ल आतच असते. वरून ॲसिड घातले तर आम्लाची तीव्रता वाढून पट्ट्या लवकर झिजतात.

तिसरे कारण उष्णता. बॅटरीला सुमारे २५ अंश तापमान मानवते. त्यावर प्रत्येक १० अंशांनी तापमान वाढत गेले तर तिचे आयुष्य स्थूलमानाने निम्मे होते. विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बॅटरी लवकर का जाते, ह्याचे उत्तर येथे आहे. खोलीचा सावलीतला, वारा खेळणारा कोपरा हीच तिची जागा.

चौथे कारण शेतकऱ्यांत विशेष आढळते. ट्रॅक्टरची बॅटरी घरी मोकळी पडली आहे, तर ती इन्व्हर्टरला जोडावी असा मोह होतो. परंतु इंजिन सुरू करणारी बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात. तासन्‌तास उपसा करून ती रिकामी करण्याचे प्रसंग थोडे जरी आले तरी ती बसते. इन्व्हर्टरसाठी जाड नळीदार पट्ट्यांची, म्हणजे ट्युब्युलर, बॅटरीच घ्यावी. दोन बॅटऱ्यांची जोडणी असेल तर एक नवी व एक जुनी असा संसार करू नये. जुनी बॅटरी नवीलाही आपल्या वाटेने नेते.

महिन्याचा एक अर्धा तास

एवढे सगळे टाळण्यासाठी महिन्यातून अर्धा तास पुरतो. उन्हाळ्यात तो पंधरवड्यातून एकदा द्यावा. त्यावेळी पुढील कामे क्रमाने करावीत.

१. प्रथम इन्व्हर्टर बंद करून त्याची विजेची जोडणी काढावी. हातातील अंगठी, कडे व घड्याळ उतरवावे. धातूचे पान्हे बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकू देऊ नयेत.

२. सहाही कप्प्यांची पाण्याची पातळी पाहावी. ती खुणेच्या खाली असल्यास डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंतच घालावे. बॅटरी पूर्ण भारित झाल्यावर पाणी घालणे इष्ट, कारण भारित होताना पातळी वर येते व जास्तीचे आम्लयुक्त पाणी बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या दिसत असतील तर मात्र त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे व उरलेले नंतर.

३. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असल्यास आधी ऋण व मग धन तार सोडवावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने टोके धुवावीत. सोड्याचा एक थेंबही कप्प्यात जाता कामा नये. म्हणून झाकणे घट्ट लावलेली असावीत. टोके कोरडी करून तारा घट्ट आवळाव्यात, ऋण तार शेवटी, आणि वर व्हॅसलीनचा हलका थर द्यावा. सैल तार तापते, आणि तापलेली तार आग लावते.

४. शक्य असेल तेथे हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. पूर्ण भारित ट्युब्युलर बॅटरीत ते साधारणतः १.२४ च्या आसपास असते. नेमका आकडा बॅटरीसोबतच्या पत्रकात दिलेला असतो. पाणी घातल्यावर लगेच मोजू नये. एखाद्या कप्प्याचा आकडा इतरांपेक्षा ०.०३ हून अधिक खाली असेल, तर तो कप्पा आजारी आहे असे समजून कारागिरास बोलवावे.

५. जे पाहिले ते वहीत तारखेसह लिहावे व सही करावी.

शाळांच्या बाबतीत एक सूचना आवर्जून द्यावीशी आहे. उन्हाळी सुट्टीत मुख्य कळ बंद करून इमारत महिना-दीड महिना बंद राहते. बॅटरी वापरली नाही तरी ती आपोआप हळूहळू रिकामी होत असते आणि उष्णतेत हे अधिक वेगाने घडते. इन्व्हर्टर चालूच राहिला व वर्गातील एखादा दिवा विसरला गेला, तर दुसऱ्याच दिवशी ती बसते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मृत बॅटरी हाती येते. सुट्टीपूर्वी बॅटरी पूर्ण भरून, सर्व भार तोडून, सुट्टीत एक-दोनदा ती पुन्हा भारित करण्याची जबाबदारी गावात राहणाऱ्या एका व्यक्तीवर सोपवावी.

जीविताचा प्रश्न

पैशाची हानी भरून येते. जीविताची येत नाही. भारित होत असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू हलका असल्यामुळे छताशी साठतो. म्हणून खोलीस वरच्या बाजूला झरोका हवाच. कित्येक घरांत जागेच्या सोयीसाठी बॅटरी देव्हाऱ्याखाली ठेवतात आणि वर निरांजन व उदबत्ती तेवत असते. ही व्यवस्था आजच बदलली पाहिजे. पाणी पाहण्यासाठी काडी पेटवून कप्प्यात डोकावणे हेही तितकेच धोक्याचे.

आम्ल अंगावर उडाल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास निदान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी व त्वरित दवाखाना गाठावा. मुलांचे हात पोहोचतील अशा ठिकाणी बॅटरी नसावी.

घरातील विजेची दुरुस्ती करताना मुख्य कळ बंद केली म्हणजे तारा निर्जीव झाल्या असे समजणे घातक आहे. इन्व्हर्टर चालू असेल तर तारांत वीज असतेच. दोन्ही बंद करूनच हात लावावा.

सर्वांत गंभीर गोष्ट जनरेटरची. लग्नकार्यात किंवा शेतावर जनरेटरची तार सरळ घरातील प्लगमध्ये खुपसून सारे घर उजळविण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. चेंजओव्हर स्विच नसेल तर ती वीज घराबाहेर उलटी जाते आणि रोहित्रातून चढून मुख्य तारांवर हजारो व्होल्ट दाबाने प्रकट होते. वीज बंद आहे अशा विश्वासाने खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. तो वायरमन गावाचाच असतो, आणि गावाचीच वीज सुरू करण्यासाठी चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घेण्याचा खर्च त्याच्या जिवापुढे काहीच नव्हे. जनरेटर बंद खोलीत चालविल्यास त्याच्या धुरातील विषारी वायूने घरातील माणसे झोपेतच दगावतात, हेही विसरू नये.

राखण कोणाची?

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कारागीर आहे, वार्षिक देखभालीचा करार आहे, मग गावाने ही उठाठेव का करावी? करार अवश्य असावा. परंतु कारागीर वर्षातून दोन-चार वेळा येणार; पाणी मात्र दर महिन्याला उतरणार. डॉक्टर असला म्हणून घरच्यांनी रोग्याकडे पाहूच नये असे होत नाही.

खरी अडचण ज्ञानाची नसून मालकीची आहे. शेतकऱ्याच्या घरची बॅटरी बहुधा कोणीतरी पाहतो. ग्रामपंचायतीची, शाळेची वा संस्थेची बॅटरी मात्र सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नसते. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी तिची स्थिती होते. सरपंचांना वाटते ग्रामसेवक पाहतील, ग्रामसेवकांना वाटते शिपाई पाहील, आणि शिपायास कोणी सांगितलेलेच नसते. ह्यावर उपाय एकच. मासिक सभेत ठराव करून एका व्यक्तीचे नाव निश्चित करावे, तिला कारागिराकडून एकदा प्रात्यक्षिक दाखवावे, आणि वही सरपंचांनी दर तिमाहीस पाहून तीवर सही करावी. डिस्टिल्ड वॉटर, सोडा व व्हॅसलीन ह्यांसाठी किरकोळ खर्चाची तरतूद अंदाजपत्रकातच असावी. पाण्याच्या एका बाटलीसाठी कोणाला खिशात हात घालावा लागू नये.

हिशेबही सरळ आहे. बॅटरीची किंमत १५,००० रुपये धरली आणि ती दोन वर्षांत गेली, तर वर्षाला ७,५०० रुपये पडले. निगा राखून ती पाच वर्षे टिकली, तर वर्षाला ३,००० रुपये. वाचलेले ४,५०० रुपये हे महिन्याच्या अर्ध्या तासाचे मोल आहे. शिवाय पुढील बॅटरीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकली, तर पाचव्या वर्षी अनुदानाची वाट पाहत अंधारात बसावे लागणार नाही.

बॅटरीचे आयुष्य संपले म्हणजेही जबाबदारी संपत नाही. तिच्यातील शिसे विषारी आहे. भंगारवाल्याने ती फोडून आम्ल ओढ्यात ओतले, तर गुरे पाणी पितात ते ठिकाणच दूषित होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जुनी बॅटरी विक्रेत्यास परत द्यावी, मोबदला घ्यावा व पावती वहीस जोडावी.

ग्रामसेवक व कृषि सहायकांनी हे काम आपल्या कक्षेबाहेरचे मानू नये. बी-बियाणे, खते व औषधे ह्यांचा योग्य वापर समजावून देणे हे जसे विस्ताराचे काम आहे, तसेच गावात आलेल्या यंत्राचे आयुष्य वाढविणे हेही आहे. पुढील ग्रामसभेपूर्वी प्रत्येक गावाने आपल्या सार्वजनिक बॅटऱ्यांची झाकणे एकदा उघडून पाहावीत, पाण्याची पातळी लिहून घ्यावी आणि राखणदाराचे नाव फळ्यावर लावावे. पावसाळ्यातील पहिल्या वादळी रात्री दूध संकलन केंद्रावर दिवा तेवत राहिला, तर त्याचे श्रेय त्या नावाला मिळेल.